पॅनेलच्या गळ्यातला हार

प्रोजेक्टरचा रिमोट मी घरी आणला होता, पण चोरून नव्हे. शनिवारी कॉलेज सुटताना टेबलावर माझं चष्म्याचं घर आणि रिमोट शेजारी शेजारी पडले होते. दोन्ही काळे, दोन्ही लांबुळके. चष्मा लावल्याशिवाय मला त्यांतला फरक कळत नाही, आणि चष्मा तर त्या घरात होता. हाताला लागलं ते खिशात टाकलं, मोटरसायकलला किक मारली आणि भीमेचा पूल ओलांडून खुटबावला घरी आलो. संध्याकाळी पेपर वाचायला बसलो तेव्हा चष्म्याच्या घराला बटणं फुटलेली दिसली.

"आणा इकडं," बायको म्हणाली. "आपल्या टीव्हीचा आवाज वाढतो का बघते."

वाढला नाही. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, कॉलेजात बाहेरच्या एका पाहुण्यांचं भाषण होतं आणि ते दाखवायला चित्रं घेऊन आले होते. आमचा प्रोजेक्टर छताला टांगलेला आहे आणि रिमोटशिवाय डोळा उघडत नाही. त्याच्याखाली स्टूल ठेवून दोघे जण झाडूच्या दांड्यानं त्याचं बटण दाबत होते म्हणे. पाहुण्यांनी शेवटी चित्रं तोंडानं सांगितली.

सोमवारी मी मान खाली घालून रिमोट परत केला. प्राचार्य रागावतील अशी खात्री होती. त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये तो रिमोट हातात धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "सरकारी वस्तू कपाटात धूळ खात पडतात. ही वस्तू सरांनी स्वतःच्या घरी नेऊन जपली." आणि मला तंत्रज्ञान नियोजन समितीचा प्रमुख करून टाकलं. ते थट्टा करत होते की मनापासून बोलत होते, हे मला अजून उलगडलेलं नाही. मी इतिहास शिकवतो. दरवर्षी मुलांना वढू बुद्रुकला नेऊन आणतो. तंत्रज्ञानाशी माझा संबंध तोफा आणि बुरूज इथवर येऊन थांबतो.

प्रमुख झाल्यावर पहिलं काम आलं ते आराखड्याचं. "सर, महाविद्यालयाची उद्दिष्टं, तंत्रज्ञानाचं नियोजन आणि कर्मचाऱ्यांचा विकास, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "बाहेरून कमिटी येते ना, ती मेळ बघते."

मेळ कसा बसवतात हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरातली एक ताटली घेतली आणि तिच्या कडेनं कागदावर तीन वर्तुळं काढली, एकमेकांत थोडी थोडी घुसलेली. पहिल्यात लिहिलं उद्दिष्टं, दुसऱ्यात तंत्रज्ञान, तिसऱ्यात कर्मचारी. तिन्ही जिथं एकमेकांवर येतात तिथं चिंचोक्याएवढी जागा उरली. तिथं काय लिहावं सुचेना. मी 'समन्वय' लिहिलं. प्राचार्यांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी वर्तुळं रंगीत छापून आपल्या खुर्चीमागं लावली. ताटलीला लागलेली शाई मात्र निघाली नाही. बायको अजून मला त्याच ताटलीत पोहे देते.

आता आमचं तंत्रज्ञान काय होतं ते सांगतो. जूनमध्ये आमच्याकडे एक पॅनेल आलं होतं. भिंतीवर लावायचा आडदांड टीव्ही, त्यावर बोटानं लिहिता येतं, चित्र ओढून मोठं करता येतं. भिंतीवर लागलं आणि प्लास्टिकच्या आवरणात तसंच राहिलं, कारण आवरण काढायचं तर कुणीतरी चार्ज घ्यायला हवा. चार्ज घेणं म्हणजे वस्तू आपल्या नावावर लिहून घेणं. मग ती फुटली, बिघडली, हरवली, तर निवृत्तीच्या दिवशी आपली मानगूट धरली जाते. म्हणून आमच्याकडे नवी वस्तू आली की स्टाफला एकदम नम्रपणा येतो. "तुम्हीच घ्या सर, तुम्ही सीनियर." "छे छे, तुमचा हात चांगला आहे." मी रिमोट जपणारा म्हणून प्रसिद्ध झालेलोच होतो. पॅनेल माझ्या नावावर आलं.

ते ज्या खोलीत लागलं ती खोली कम्युनिटी कॉलेजची. नाव दांडगं आहे, पण आहे काय, तर आमच्याच इमारतीतली एक खोली, एक मॅडम आणि आसपासच्या गावांतल्या वीस-पंचवीस बायका. रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. तो करून पुढं शिरूरला, दौंडला दवाखान्यांत काम मिळतं. कॉलेजच्या फाटकावर जी उद्दिष्टं रंगवलीत त्यांत अगदी वरचं उद्दिष्ट हेच आहे, परिसरातल्या स्त्रियांना आणि कष्टकऱ्यांना कामाला येईल असं शिक्षण. फाटकातून आत आल्यावर ते उद्दिष्ट पाठीमागं पडतं, एवढीच अडचण. त्या बायका अकरा ते एक येत. सकाळी धारा, दूध डेअरीला, स्वयंपाक. दुपारनंतर कांद्याची लागण नाहीतर जनावरांचं चारापाणी. मधली ती दोन तासांची फट त्यांची. मॅडम तासिकेवर होत्या, म्हणजे तास झाला तर पगार. दौंडहून दोन गाड्या बदलून यायच्या.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. घरोघरी कोयते, विळे, ट्रॅक्टर. कॉलेजात सूक्ष्मदर्शक, घंटा, झेरॉक्स मशीन, आणि यंदा पॅनेल. संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. प्लास्टिक फाडलं, नारळ फोडला, पॅनेलला कुंकवाचं बोट लावलं आणि झेंडूचा, आंब्याच्या पानांचा भरगच्च हार दोन्ही वरच्या कोपऱ्यांना अडकवला. हाराचा झोळ पडद्याच्या निम्म्यापर्यंत आला. टाळ्या झाल्या. फोटो झाले. मग दसरा, परीक्षा, दिवाळीची सुट्टी. झेंडू वाळून तांबूस झाला, पानांच्या सुरळ्या झाल्या, आणि हार तिथंच.

दिवाळीनंतर कंपनीचा प्रशिक्षक आला. पुण्याचा तिशीतला माणूस, सकाळच्या शटल रेल्वेनं केडगावला उतरायचा. तिथून त्याला माझ्या मोटरसायकलवर बसवून आणायचं, हीही जबाबदारी समितीप्रमुखाची. कारखाने सुरू झाले होते. उसानं भरलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या मधून चाललेले, त्यांच्या मागं आम्ही. "सर, ओव्हरटेक करा ना," तो मागून म्हणायचा. मी मान हलवायचो आणि करायचो नाही. कॉलेजात पोहोचायला अकरा वाजत आणि परतीची गाडी गाठायची तर एकला त्याला सोडावं लागे. म्हणून सगळ्या स्टाफचं प्रशिक्षण अकरा ते एक, पॅनेलच्या खोलीत. हे वेळापत्रक मीच केलं. करताना माझ्या डोक्यात शटल होती. बायका नव्हत्या.

पहिल्या दिवशी त्यानं पॅनेल सुरू केलं आणि पॅनेलच्या अंगात आलं. खिडक्या आपोआप उघडायला लागल्या, मिटायला लागल्या, चित्रं मोठी झाली, लहान झाली, पडद्यावर आपोआप रेघोट्या उठल्या. प्रशिक्षकानं आम्हाला समजावलं. चौकटीतून डोळ्यांना न दिसणारे किरण इकडून तिकडं जात असतात. मध्ये काही आलं की पॅनेलला वाटतं, कुणीतरी बोट लावलं. "हा हार म्हणजे त्याला वाटतंय, पन्नास लोक एकदम बोट लावतायत. सिंपल आहे सर. हार काढा."

कुणी हललं नाही. प्राचार्य म्हणाले, "काढा म्हणजे? अध्यक्षांनी घातलाय तो."

"मग त्यांना विचारा."

"विचारतो ना. पण ते सध्या सोसायटीच्या निवडणुकीत आहेत. फोन लागत नाही."

"सर, वाळलाय तो."

"वाळला तरी त्यांच्या हातचा आहे. आम्ही आपणहून उतरवला आणि कुणी फोटो काढून पाठवला, तर त्याचा अर्थ काय काय निघेल, हे तुम्हाला पुण्यात बसून नाही कळायचं."

इथं मीही गप्प होतो, हे लिहून टाकतो. चार्ज माझ्याकडं होता पॅनेलचा. हाराचा कुणाकडं, हे स्पष्ट नव्हतं.

"तोवर थिअरी घ्या," प्राचार्यांनी तोडगा काढला.

आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की माझ्या कपाळाची शीर अजून उडते. प्रशिक्षक शेजारच्या फळ्यावर खडूनं पॅनेलचं चित्र काढायचा. त्यात बटणं काढायचा. बटणांना बाण, बाणांना नावं. आणि आम्ही सगळे, कुणी डॉक्टरेट, कुणी निवृत्तीला टेकलेले, ते चित्र वहीत उतरवून घ्यायचो. खरं पॅनेल हातभर अंतरावर, गळ्यात हार घालून, लग्नातल्या नवरदेवासारखं उभं. आमचे भौतिकशास्त्राचे सर पहिल्या बाकावर बसत. त्यांनी एकदा हात वर करून विचारलं, "आकृतीला गुण किती?" सगळे हसले. प्रशिक्षक हसला नाही. त्याला वाटलं, खरंच विचारतायत.

त्या काळात बायका कुठं होत्या? सायकल स्टँडमध्ये. मीच त्यांना तिथं बसवलं होतं, 'तात्पुरती पर्यायी व्यवस्था' म्हणून. एका बाकावर कुणीतरी पेशंट होऊन निजायची आणि बाकीच्या तिचा रक्तदाब घ्यायच्या. नाडी कुठं सापडते, पट्टी कशी बांधतात, याचे व्हिडिओ मॅडमच्या एका मोबाईलवर बघायचे, तो हातोहात फिरवायचा. मी एकदा डोकावलो तर न्हावऱ्याच्या एक मावशी, वर्गात वयानं सगळ्यांत मोठ्या, मला म्हणाल्या, "सर, आमी हितं बसतो त्याचं काय न्हाई. पर पोरं गाड्या काढाया येत्यात आन् पेशंटला धडक देत्यात."

"आणि मोबाईल?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"मोबाईलचं नगा इचारू. बॅटरी संपली म्हून काल हिचा घेतला. नाडी सापडत व्हती, तवाच हिच्या मालकाचा फोन आला, म्हस सुटली म्हून. म्हशीपायी नाडी ऱ्हायली."

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. माझ्याबरोबर स्टँडच्या बाहेरपर्यंत आल्या.

"जय भीम सर. एक विचारू? तुमची ती वर्तुळं बघितली प्राचार्यांच्या केबिनमध्ये. छान आहेत. त्यात आमची खोली कुठल्या वर्तुळात येते?"

मी म्हणालो, "मधल्या जागेत. समन्वयात."

"ती जागा फार बारीक आहे सर. त्यात पंचवीस बायका कशा बसतील?" त्या शांतपणे म्हणाल्या. "सहाजणी यायच्या बंद झाल्यात. घरचे म्हणतात, गाड्यांच्या स्टँडात बसायला कशाला जाता. महिनाअखेरीला प्रॅक्टिकल परीक्षा आहे. आणखी चार-पाच गळाल्या तर परीक्षाच होणार नाही, आणि पुढच्या वर्षी कोर्स बंद. माझं जाऊ द्या, मी दुसरं बघीन. पण त्या मावशींना शिरूरच्या दवाखान्यानं तोंडी सांगितलंय, परीक्षा झाली की या."

मी प्राचार्यांकडं गेलो. ते फोन कानाला लावून बसले होते. "लागतोय," मला खूण केली. मग फोन खाली ठेवला. "नाही लागला."

"सर, प्रशिक्षण दोन दिवस थांबवू. खोली बायकांना देऊ."

"शंभर टक्के उपस्थितीचा अहवाल कंपनीला द्यायचाय. आणि पॅनेल चालतंय कुठं? त्या खोलीत येऊन बायका तरी काय बघणार, हार?"

एवढा बिनतोड सवाल होता की मी बाहेर आलो.

खरी कमाल शेवटच्या आदल्या दिवशी झाली. केडगावच्या स्टेशनबाहेर, मोटरसायकलवर बसायच्या आधीच, प्रशिक्षकानं मला एक कागद दिला. "सर, इथं साइन करा. उद्या घाई होईल. ट्रेनिंग कम्प्लीट."

"कम्प्लीट? अजून एकानंही पॅनेलला बोट लावलेलं नाही."

"हो, पण थिअरी झाली ना."

मी सही केली नाही. वाटेत एकही ट्रॅक्टर न सोडता सगळे ओव्हरटेक केले. प्रशिक्षकानं माझा शर्ट मागून इतका घट्ट धरला की एक बटण गेलं. कॉलेजात पोहोचलो तेव्हा अजून अकरा वाजायचे होते. स्टँडमध्ये बायका बाक लावत होत्या. मॅडम म्हणाल्या, "आज आणखी दोघी नाही आल्या."

"चला वर," मी म्हणालो. "सगळ्या. पेशंटला पण घ्या."

खोलीत गेलो, खुर्ची ओढली आणि चढलो. खुर्चीला चाकं होती, हे चढल्यावर कळलं. प्रशिक्षकानं एका बाजूनं धरली, मावशींनी दुसऱ्या बाजूनं. मी हाराला हात घातला आणि दीड महिन्याचा वाळका झेंडू चुरा होऊन माझ्या डोक्यावर, कॉलरमध्ये, चष्म्यावर पडला. मुंग्याही होत्या. त्यांचा चार्ज आपोआप माझ्याकडं आला.

"सर, हळू," मावशी म्हणाल्या. "पडला बिडला तर आजच प्रॅक्टिकल व्हईल."

हार निघाला. प्रशिक्षकानं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, बटण दाबलं. पॅनेल शहाण्यासारखं उभं राहिलं. मॅडमनी हाताच्या रक्तवाहिन्यांचं चित्र लावलं आणि दोन बोटांनी ओढून मोठं केलं. अख्ख्या भिंतीवर एक मनगट. मग मागच्या बाकावरची एक बाई आपलं मनगट धरून म्हणाली, "अगं बया, ही हितं व्हय! मी कवाची तिकडं शोधतीय."

अकरा वाजले आणि स्टाफ आला, वह्या घेऊन. बाक भरलेले. बायका उठायचं नाव घेईनात आणि उठा म्हणायची कुणाची छाती होईना. मागून प्राचार्य आले. आधी पॅनेल बघितलं, मग मला, माझ्या केसांतला झेंडू.

"हे काय?"

"प्रशिक्षण, सर."

"आणि या?"

"वर्ग. एकेकानं पुढं यायचं, पॅनेलवर यांना काहीतरी शिकवायचं. शिकवता आलं की प्रशिक्षण झालं. मग मी सही करतो." माझा आवाज जरा चढला होता. हे सगळं आधी ठरवलं होतं असं नाही. बोलता बोलता सुचलं.

कुणीच पुढं येईना. शेवटी भौतिकशास्त्राचे सर उठले. खडूवर त्यांची फार निष्ठा. निवृत्त होईपर्यंत आपल्याला खडू पुरेल असं ते नेहमी सांगत. रक्तदाब म्हणजे नक्की कशाचा दाब, हे त्यांनी समजावायला घेतलं. पाण्याची मोटर काढली, पाइपलाइन काढली, कांद्याचं वावर काढलं. चुकलं की बोटानं पुसायचे आणि पुसलं गेलं की स्वतःच "वा!" म्हणायचे. बायका प्रश्न विचारत होत्या, पाइप तुंबला तर काय, मोटर जुनी झाली तर काय. सरांची पाळी संपली तरी ते पॅनेल सोडेनात. इंग्रजीच्या मॅडम ताटकळत उभ्या. आठवडाभर आम्ही ज्या बटणांची नावं वहीत उतरवली, ती त्या तासाभरात कुणाला आठवावीही लागली नाहीत.

प्राचार्य तोवर व्हरांड्यात जाऊन फोन लावत होते. आणि त्या दिवशी तो नेमका लागला. घाबरून त्यांनी स्पीकर सुरू केला, साक्षीदार असावा म्हणून मला जवळ बोलावलं.

"साहेब, नमस्कार. एक दिलगिरी व्यक्त करायची होती. आपण खंडेनवमीला घातलेला हार..."

"कसला हार?"

"पॅनेलला, साहेब. आपल्या हस्ते."

"आसंल," पलीकडून आवाज आला. "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या स्टाफमदी कुणाकडं कांद्याचं रोप शिल्लक हाय का?"

प्राचार्यांनी फोन खिशात ठेवला, टाय नीट केला, खोलीत गेले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "अध्यक्षसाहेबांच्या अनुमतीनं हार उतरवण्यात आलेला आहे." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग त्यांनी हेही जाहीर केलं की ही खोली अकरा ते एक कम्युनिटी कॉलेजचीच राहील आणि उरलेलं प्रशिक्षण याच वर्गावर होईल, कारण आराखड्यात तसंच अभिप्रेत होतं. वर्तुळांकडं बघून त्यांना हे आधीपासून दिसत होतं म्हणे. मला दिसलं नव्हतं, आणि वर्तुळं माझी होती.

जाताना मावशी मॅडमना सांगत होत्या, "उद्या त्या आठीजणींच्या दारात मी सोत्ता जाती. कशा येत न्हाईत बघती."

राहिला हार. शिपाईमामांकडं दिला तर त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. "न्हाई सर. निर्माल्य हाय, कचऱ्यात टाकून मला पाप नगं. आन् चार्ज तुमच्याकडं हाय." मी तो डब्याच्या पिशवीत कोंबला. वाटलं, पुलावरून भीमेत सोडून देऊ. पण पुलावर मागं उसाचे दोन ट्रॅक्टर, पुढं एक, आणि मध्ये थांबलो असतो तर निर्माल्य माझंच झालं असतं. घरी आणला.

बायकोनं डबा काढायला पिशवीत हात घातला आणि झेंडूचा चुरा बाहेर आला. तिनं अख्खा हार ओढून काढला आणि माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीत बसून तिला सगळं सांगायला लागलो. तीन वर्तुळं, उद्दिष्टं, कर्मचाऱ्यांचा विकास, किरण कसे आडवे जातात, समन्वय. ती दोऱ्यातून फुलं ओढून तुळशीच्या मातीत टाकत होती. दोरा रिकामा झाला तेव्हा मला मध्येच तोडत म्हणाली, "त्या बायकांचा तास झाला का?"

"झाला."

"खोलीत?"

"खोलीत. उद्यापासून रोज."

"मग एवढंच सांगायचं की हो. कधीची ऐकतेय, किरण काय, वर्तुळं काय." तिनं दोरा गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधला. "आणि एक ध्यानात ठेवा. आधी रिमोट आणलात, आता हार. तो भिंतीवरचा टीव्ही आणायचा विचार असला तर आताच सांगा, फ्रिज हलवावा लागंल."